व्यापाऱ्याचे मृत्युपत्र

वीर निर्वाण संवताच्या प्रारंभी आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. जुन्या वहीची बाकी काढून ती नव्या वहीत ओढल्याखेरीज आपण पुढचा व्यवहार लिहीत नाही. येणे किती, देणे किती, माल किती शिल्लक, याचा हिशेब त्या दिवशी चोख असतो. परंतु ज्याच्या वहीत एका पैशाची चूक सापडावयाची नाही, अशा व्यापाऱ्याने आपल्या पश्चात दुकान कोणी चालवावे, घर कोणाच्या नावे व्हावे, पत्नीने कोठे व कशावर राहावे, याविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नसते. हा विषय काढणे घरात अशुभ मानतात. कोणी काढलाच तर "मुले शहाणी आहेत, आपसात पाहून घेतील," असे उत्तर मिळते. मुले शहाणी असतीलही. परंतु मृत्युपत्र नसेल तर वाटणी मुलांच्या शहाणपणाने ठरत नाही, कायद्याच्या अनुसूचीने ठरते, आणि ती अनुसूची बहुतेक घरांच्या समजुतीपेक्षा फार वेगळी आहे.

प्रथम कायदा कोणता ते पाहू. १९५६ पूर्वी जैनांच्या वारसाहक्कात रूढीला मोठे स्थान होते. अपत्यहीन जैन विधवेस पतीच्या आज्ञेवाचून दत्तक घेता येतो, ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने १८७८ सालीच मान्य केली होती, आणि बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली जैन कायद्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज त्या रूढीचा आधार घेऊन भागत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्या कायद्याने ज्या बाबींची तरतूद केली, त्यांपुरती जुनी रूढी संपली. मृत्युपत्र कसे करावे हे मात्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात सांगितले आहे. आपल्याला या दोन्ही कायद्यांशी काम पडते.

आता एक समजूत घेऊ, कारण पुष्कळसे कज्जे तिच्यातूनच उभे राहतात. वडिलांकडून आले ते सारे "वडिलोपार्जित", त्यात मुलाचा जन्मतः हक्क, सबब त्याचे मृत्युपत्र करताच येत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे खरे नाही. वडिलांनी स्वकष्टाने मिळविलेली मिळकत त्यांच्या मृत्यूनंतर मुलाकडे १९५६ च्या कायद्याच्या आठव्या कलमाने आली असेल, तर ती त्या मुलाची स्वतःची मिळकत होय. त्याच्या मुलांचा तीत जन्मतः हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन यांच्या प्रकरणात १९८६ साली हे स्पष्ट केले. आणि मिळकत खरोखरच एकत्र कुटुंबाची असली, तरी तीतील स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने दिलेलाच आहे. तेव्हा मृत्युपत्र करता येत नाही अशी सबब फार थोड्यांना सांगता येईल.

मृत्युपत्र नसल्यास काय होते, ते एका उदाहरणाने पाहणे बरे. समजा, बेळगावातील एका धान्याच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या कमाईने बाजारात दुकानाची जागा घेतली. तो गेला तेव्हा मागे त्याची वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहेत. पुष्कळांची कल्पना अशी की दुकान दोघा मुलांचे, अर्धे अर्धे. कायदा म्हणतो, हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकास पाचवा हिस्सा. मुलीचे लग्न कितीही वर्षांपूर्वी झाले असले आणि त्यात कितीही खर्च झाला असला, तरी तिचा हिस्सा कमी होत नाही.

येथवरचे अनेकांस ठाऊक असते. पुढचे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मुलाच्या पश्चात आईस मिळालेला पाचवा हिस्सा हा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. काही वर्षांनी तीही मृत्युपत्र न करता वारली, तर तो हिस्सा तिच्या सर्व मुलामुलींकडे जातो. या माउलीस, गेलेल्या व्यापाऱ्याखेरीज आणखी दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर त्या पाचव्या हिश्श्याचे चार भाग होतात. तीन भाग व्यापाऱ्याच्या भावाबहिणींकडे जातात व उरलेला एक त्याच्या तिन्ही मुलांत मिळून येतो. त्याच्या विधवेस त्यातून काहीच मिळत नाही. म्हणजे ज्या दुकानात भावांनी एक रुपयाही घातला नव्हता, त्या दुकानाच्या वीस भागांपैकी तीन भागांचे ते व त्यांची बहीण मालक होतात. भाऊ प्रेमळ असतील तर सह्या करून देतील. परंतु दुकानावर कर्ज काढावयाचे झाल्यास बँक त्या सर्वांच्या सह्या मागते, आणि तोपर्यंत एखादा भाऊही वारलेला असतो, त्याची मुले पुण्यास किंवा परदेशी असतात. व्यापाऱ्याने एका कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष चार ओळी लिहिल्या असत्या, आणि आईच्या पोटगीची व औषधपाण्याची वेगळी सोय केली असती, तर यातले काही उद्भवले नसते.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क किती, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरीही तिचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी पुऱ्या झालेल्या वाटण्या कायद्याने शाबूत ठेवल्या आहेत. त्यानंतरची वाटणी नोंदलेल्या दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. आपल्याकडे पंचांसमक्ष तोंडी वाटणी करून साध्या कागदावर याद करण्याची चाल आहे. त्या यादीवर विसंबून मुलीचा हक्क नाकारता येईल, असे आता धरून चालू नये; सरकारी दप्तरातील भक्कम पुरावा असलेली विरळा प्रकरणे सोडली, तर न्यायालय तिकडे पाहत नाही. साडीचोळी देऊन बहिणीची सही घेण्याची चालही अशीच. स्थावरातील हक्क सोडावयाचा तर हक्कसोडपत्र नोंदलेले पाहिजे, आणि ते बहिणीने समजून उमजून केलेले पाहिजे. आमचे स्पष्ट मत असे की, मुलीस द्यावयाचे असेल ते वडिलांनीच मृत्युपत्रात नावानिशी लिहून द्यावे. कमी द्यावयाचे असेल तर का, तेही एका वाक्यात लिहावे. बापाने स्वतः लिहिलेले मुली बहुधा मानतात. भावाने वाचून दाखविलेले मानतीलच असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. सारे हयातीतच मुलाच्या नावे करून मोकळे व्हावे काय? आपल्या परंपरेत या कल्पनेला मान आहे. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. त्यांपैकी अन्वयदत्ती म्हणजे आपले सर्व धन आणि कुळधर्म पुत्राच्या स्वाधीन करून स्वतः निवृत्त होणे. हा आदर्श थोर आहे. परंतु ती दत्ती करणारा गृहस्थ घराचा त्याग करून निवृत्तिमार्गाला लागत असे. मुलाच्या घरी औषधासाठी पैसे मागत बसण्याचा प्रसंग त्याच्यावर यावयाचा नव्हता. आज बक्षीसपत्र करून देणारे वडील त्याच घरात, त्याच माडीवर, आणखी पंधरावीस वर्षे राहावयाचे असतात. दोन्ही स्थिती एक नव्हेत.

कायद्याच्या दृष्टीने नोंदलेले बक्षीसपत्र पुरे झाले की ते देणाऱ्यास आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, रद्द करता येते, आणि तोवर मालकी आपलीच राहते. बक्षीसपत्रास मुद्रांक शुल्क लागते. मृत्युपत्रास लागत नाही. ज्याला स्वतःचे छप्पर एकच आहे, त्याने ते हयातीत कोणाच्याही नावे करू नये, मग तो मुलगा श्रवणबाळ का असेना. मुलगा चांगला असला तरी त्याचे कर्ज असते, त्याचा धंदा बुडू शकतो, तो बापाच्या आधी जाऊ शकतो. अशा वेळी घराचा ताबा कोणाकडे जाईल, हे पित्याच्या हाती उरत नाही.

तरीही काही कारणाने हयातीत द्यावयाचे ठरले, तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा नीट समजून घ्यावा. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, साठ वर्षे पुरी झालेल्या व्यक्तीने, घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे मानून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. अट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. केवळ "प्रेमापोटी दिले" एवढेच दस्तात असेल आणि अट सिद्ध करता आली नाही, तर हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. त्यानंतर २ जानेवारी २०२५ च्या निर्णयात मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द ठरविले. तेथे मुलाने सांभाळण्याचे लिहून दिलेले होते, आणि हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असेही न्यायालयाने सांगितले. तेव्हा दस्त लिहिणाऱ्यास स्पष्ट सांगावे : राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधोपचार आणि दरमहा अमुक रक्कम, या अटी बक्षीसपत्रातच आल्या पाहिजेत. भिडेमुळे त्या वगळू नयेत.

याच कायद्याखाली मुलांकडून निर्वाहाची रक्कमही मागता येते. अर्ज प्रांताधिकारी, म्हणजे कर्नाटकात असिस्टंट कमिशनर, यांच्या न्यायाधिकरणापुढे करावा लागतो. तेथे वकील लावण्याची गरज नाही. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, आणि अपवाद म्हणून आणखी तीस दिवसांत, निकाल व्हावा असा नियम आहे. मूळ कायद्याने या रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवली आहे. ही वाट कोणास सुखाने धरावीशी वाटणार नाही, पण ती आहे, हे घरातील वृद्धांस ठाऊक असावे.

आता मृत्युपत्राकडे वळू. त्याला ठराविक नमुना नाही, स्टॅम्प कागद लागत नाही, भाषा कोणतीही चालते. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहून किंवा त्याच्या तोंडून ही आपली सही असे ऐकून, त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. दोघांनी एकाच वेळी हजर असलेच पाहिजे असे नाही. आत काय लिहिले आहे, हे साक्षीदारांस कळण्याचेही कारण नाही. त्रेसष्टाव्या कलमाचा एवढाच आग्रह आहे, पण तेवढ्यातच मृत्युपत्रे अडतात. कारण पुढे वाद झाला तर, साक्षीदार हयात असल्यास निदान एकाने न्यायालयात येऊन सांगावे लागते. साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे दोन स्नेही घेण्याची चाल सोडावी. एक साक्षीदार वयाने तरुण असावा व दुसरे आपले नेहमीचे डॉक्टर असावेत. म्हणजे मनःस्थितीचा पुरावाही त्यातच येतो. ज्याला मृत्युपत्राने लाभ होणार आहे, त्याला किंवा त्याच्या पत्नीस साक्षीदार करू नये.

संशयास्पद परिस्थितीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली, जुन्या म्हैसूर राज्यातून आलेल्या वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणात केला आहे आणि आजही न्यायालये त्याच निर्णयाकडे वळतात. सही थरथरती आहे, ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच लिहून घेण्यात पुढाकार घेतला आहे, किंवा पत्नीस वा मुलीस कारण न देता वगळले आहे, असे दिसल्यास तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडतो. मृत्युपत्र नोंदले म्हणजे ते आपोआप खरे ठरत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे व ती पुराव्याला बळ देते, इतकेच. नोंदलेल्या मृत्युपत्रानंतर केलेले साधे मृत्युपत्र सिद्ध झाले तर तेच चालते.

म्हणूनच वेळेचा प्रश्न येतो. रुग्णालयात खाटेवर असताना वकिलास बोलावणे म्हणजे पुढील दाव्याची तयारी होय. आपल्या समाजात आणखी एक प्रसंग असतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेपूर्वी स्नेह, वैर व परिग्रह यांचा त्याग करून सर्वांची क्षमा मागावी असे सांगितले आहे. व्रत घेतलेल्या वृद्धाच्या हातून, शरीर क्षीण झाल्यावर, संपत्तीच्या कागदावर सही घेणे धर्मालाही धरून नाही आणि न्यायालयातही टिकावयास कठीण. स्मृतिभ्रंशाचा आजार बळावून समज उरली नाही, तर हा अधिकारच जातो. पुष्कळांना वाटते की मुलाच्या नावे मुखत्यारपत्र आहे, तेव्हा चिंता नाही. परंतु देणाऱ्याची बुद्धी गेली किंवा तो वारला की मुखत्यारपत्र तेथेच संपते.

मृत्युपत्रात काय लिहावे? परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक शेत, घर, सोने, रूपे, धन, धान्य, भांडीकुंडी अशी आपल्या परिग्रहाची मोजदाद करतो. तीच यादी येथे उपयोगी पडते. तिच्यात बँकेची खाती, लॉकर, शेअर, विमा आणि मोबाइलवरील व्यवहारांचा तपशील घालावयाचा. स्थावराचा सिटी सर्व्हे नंबर व चतुःसीमा द्याव्या. येणे व देणे दोन्ही लिहावे. वडिलांचे कर्ज मुलाने पवित्र कर्तव्य म्हणून फेडलेच पाहिजे, ही जुनी जबाबदारी २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती काढून टाकली आहे, पण वारसा म्हणून आलेल्या मिळकतीतून ते वसूल होतेच. धर्मादायासाठी ठेवावयाचे असल्यास "मंदिरास" किंवा "बोर्डिंगास" एवढे लिहून सोडू नये; विश्वस्त संस्थेचे नोंदलेले नाव व गाव लिहावे, नाही तर दोन मंदिरांचे पंच एकाच देणगीसाठी समोरासमोर उभे राहतात.

पेढी भागीदारीची असेल तर मृत्युपत्र पुरेसे नाही, भागीदारीपत्रही उघडून पाहावे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने, उलट करार नसेल तर एक भागीदार वारताच पेढी विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूनंतर उरलेल्या एकट्याची भागीदारी राहूच शकत नाही, हे १९६५ च्या गोविंदराम शुगर मिल्सच्या निर्णयापासून ठरलेले आहे. बापलेकांच्या पेढ्या बहुधा अशाच दोघांच्या असतात. हिशेब न मिटविता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर मयताच्या वारसांना त्या काळातील नफ्याचा वाटा किंवा रकमेवर द.सा.द.शे. ६ व्याज, यांपैकी एक मागता येते. हे कलम सुनांस व जावयांस ठाऊक झालेले आहे. एकमालकी दुकानाची जी.एस.टी. नोंदणी मालकाच्या पॅनवर असते. तो गेल्यावर वारसाने स्वतःच्या नावे नवी नोंदणी करून शिल्लक क्रेडिट आय.टी.सी.-०२ या नमुन्याने वळते करून घ्यावे लागते.

नॉमिनी म्हणजे मालक, हा भ्रम बँकेच्या खिडकीवरून घरोघर पसरला आहे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण ती वारसांच्या वतीने. एका सुप्रसिद्ध मराठी पंचांगकर्त्यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअरच्या बाबतीतही हेच सांगितले. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतीपत्नी व मुले यांना नॉमिनी म्हणून विशेष स्थान दिले आहे. इतरत्र मात्र मृत्युपत्रातील नाव आणि नॉमिनीचे नाव यांचा मेळ घालावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी नेमता येतात व ठेवीत प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो, हे सोयीचे झाले आहे.

घरातील स्त्रियांनी आपले स्वतंत्र मृत्युपत्र करावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मूलबाळ व पती नसेल, तर तिची स्वकष्टाची मिळकतदेखील प्रथम पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नव्हे. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा होऊन सासरहून बाहेर पडलेल्या, माहेरच्यांनी शिकविलेल्या एका नोकरदार स्त्रीची मिळकत २००९ साली न्यायालयाला याच नियमाने सासरच्या वारसांस द्यावी लागली. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला तेवढा अपवाद आहे. स्त्रीधन, मुदत ठेवी, स्वतःच्या नावावरील सदनिका, जे काही असेल ते तिने लिहून ठेवावे.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. बेळगाव भागात तो कधीच सक्तीचा नव्हता. मुंबई शहरातील मिळकतीसाठी तो लागत असे. ते २१३ वे कलम संसदेने २०२५ च्या अखेरीस वगळले. पण त्याआधी सुरू झालेल्या प्रकरणांविषयी वकिलांस विचारावे, आणि वारसांत तंटा दिसत असेल तर सक्ती नसली तरी जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेणे हिताचे. त्यासाठी मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नावाने नेमलेला असावा.

मडगाव, म्हापशास स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांना यातील बरेच लागू होत नाही. गोव्यात २०१२ चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे. तेथे साधारणपणे निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते आणि उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र होते. गोव्यातील रहिवाशाच्या बाहेरगावच्या मिळकतीसही गोव्याचाच नियम लागतो, असा २०१९ चा निर्णय असल्याने त्यांनी तेथील जाणकाराकडूनच कागद करावा.

मृत्युपत्र मराठीत लिहिण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. आपल्या भागातील दप्तर कन्नडमध्ये चालत असल्याने सोबत कन्नड भाषांतर जोडून ठेवल्यास वारसानोंदीच्या वेळी हेलपाटे वाचतात. जुनी खरेदीपत्रे मोडीत असतील तर मोडी वाचणारे जाणकार भेटताहेत तोवर त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे. मूळ कागद तिजोरीच्या तळाशी ठेवू नये, आणि एकट्या नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण तो लॉकर उघडण्यासाठीच मृत्युपत्र दाखवावे लागते. बंद लखोट्यात घालून, वर स्वतःचे नाव लिहून, मोहोर लावून तो जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. करणाऱ्याच्या हयातीत तो लखोटा त्याच्याखेरीज वा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या मुखत्याराखेरीज कोणास परत मिळत नाही. मृत्यूनंतर कोणीही अर्ज केल्यास निबंधक तो अर्जदारासमक्ष उघडून त्याची नक्कल आपल्या पुस्तकात उतरवून घेतात. लखोटा ठेवल्याचे पत्नीस व व्यवस्थापकास मात्र सांगून ठेवावे.